किलोग्रॅम आणि लिटर : वजन व माप यांचा मेळ

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यास ३ किलोग्रॅमचे ग्रॅम किती, असे विचारले असता तो ३,००० हे उत्तर तत्काळ देतो. ३ लिटरचे मिलिलिटर विचारले, तरी तो अडखळत नाही. परंतु ३ लिटर शेंगदाणा तेलाचे वजन किती भरेल, असा प्रश्न पुढे येताच बहुतेक विद्यार्थी ‘३ किलो’ असे सांगून मोकळे होतात. वस्तुतः ते वजन सुमारे २ किलो ७३० ग्रॅम भरते. पाव किलोहून अधिक असा हा फरक क्षुल्लक म्हणता येणार नाही. दूध संकलन केंद्रावर, किराणा दुकानात, द्राक्षबागेत व शाळेच्या स्वयंपाकघरात हाच फरक रोज कोणाच्या तरी पदरात कमी किंवा अधिक माप टाकीत असतो. म्हणून वजन व माप यांचा परस्परसंबंध शिक्षकांनी स्वतः नीट समजून घेऊन तो विद्यार्थ्यांस कृतीने पटवून द्यावा, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

पूर्वपीठिका

जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ मध्ये विभाजन होऊन दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्या काळी कृष्णा, कोयना व वारणा या नद्यांच्या काठी धान्य मापाने मोजण्याची रीत सर्वत्र होती. २ चिपट्यांचे मापटे, २ मापट्यांचा शेर आणि ४ शेरांची पायली, हे कोष्टक मुलांस तोंडपाठ असे. बलुतेदाराचे बलुते, शेतमजुराची मजुरी आणि उसनवारीचे धान्य हे सारे पायलीच्या हिशेबाने चाले. पण ‘शेर’ हा शब्द वजनासही होता व मापासही होता. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. मापाचा शेर मात्र गावोगाव लहानमोठा असे. एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी वावरत असल्यामुळे व्यवहारात घोटाळा होई, आणि त्याचा तोटा बहुधा ज्याच्या हाती माप नसे त्यास सोसावा लागे. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी बसला, त्याचे कारण येथेच शोधावे.

स्वातंत्र्यानंतर हा गोंधळ दूर करण्यासाठी भारताने दशमान पद्धती स्वीकारली. १९५६ मध्ये वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली. ऑक्टोबर १९५८ पासून ठरावीक क्षेत्रांत मेट्रिक वजने वापरात आली व १ एप्रिल १९६२ पासून ती देशभर बंधनकारक झाली. पुढे एका महिन्याने, १ मे १९६२ रोजी, महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. नवी वजने व मापे घरोघर पोहोचविण्याच्या कामी प्राथमिक शिक्षकाचा वाटा मोठा होता. आज या क्षेत्रात २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा लागू आहे.

नव्या पद्धतीत वजनास किलोग्रॅम व मापास लिटर अशी स्पष्ट निराळी नावे मिळाली. तथापि जुन्या शेराची सवय मनातून गेली नाही. ‘किलो म्हणजेच लिटर’ ही आजची समजूत त्या सवयीचेच नवे रूप होय.

दोन भिन्न गोष्टी

पदार्थात द्रव्य किती आहे, हे वस्तुमान सांगते. व्यवहारात त्यासच वजन म्हणतात. त्याची एकके ग्रॅम, किलोग्रॅम व टन ही होत. १,००० ग्रॅमचा १ किलोग्रॅम, १०० किलोग्रॅमचे १ क्विंटल व १,००० किलोग्रॅमचा १ टन होतो. पदार्थ जागा किती व्यापतो, हे आकारमान सांगते. त्याची एकके मिलिलिटर, लिटर व घनमीटर ही होत. १,००० मिलिलिटरचे १ लिटर व १,००० लिटरचा १ घनमीटर होतो. १ मिलिलिटर म्हणजे १ घनसेंटिमीटर, हेही विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून द्यावे.

एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड जड, हे कोडे मुले एकमेकांस घालतात. दोहोंचे वजन सारखेच, हे उत्तर मिळाल्यावर शिक्षकांनी तेथेच न थांबता पुढचा प्रश्न विचारावा : ‘मग दोहोंना पोते सारख्याच आकाराचे लागेल काय?’ कापसास मोठे पोते हवे व लोखंड मुठीएवढ्या जागेत मावते, हे मुले स्वतःच सांगतील. वजन सारखे असून आकारमान भिन्न असू शकते, हा या पाठाचा पाया होय.

पाणी हा दुवा

वजन व आकारमान यांचा दुवा म्हणून शास्त्रज्ञांनी प्रथम पाण्याची निवड केली. १७९५ मध्ये फ्रान्समध्ये ग्रॅमची व्याख्या करताना एक घनसेंटिमीटर अतिशीत पाण्याचे वजन आधारास घेतले. १९०१ मध्ये लिटरची व्याख्या ‘सर्वाधिक घनतेच्या १ किलोग्रॅम पाण्याचे आकारमान’ अशी करण्यात आली. परंतु त्यामुळे लिटर व घनडेसिमीटर यांत अतिसूक्ष्म तफावत राहिली. १९६४ मध्ये ती व्याख्या रद्द होऊन लिटर म्हणजे बरोबर १ घनडेसिमीटर, असे ठरले. २०१९ पासून किलोग्रॅमही निसर्गातील एका स्थिरांकाच्या आधारे ठरविला जातो. तात्पर्य, आज लिटर व किलोग्रॅम ही एकके एकमेकांवर अवलंबून नाहीत. तरीही मूळ योजनेमुळे व्यवहारापुरते १ लिटर पाण्याचे वजन १ किलोग्रॅम, असे निःशंकपणे धरता येते. ३० अंश सेल्सिअस तापमानास ते सुमारे ९९६ ग्रॅम भरते; ४ ग्रॅमचा हा फरक शाळेच्या हिशेबात सोडून देण्यास हरकत नाही.

या नियमाचा मोठा उपयोग पाण्याच्या साठ्याचे वजन काढण्यास होतो. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाच्या जलाशयाची साठवण क्षमता १०५.२५ अब्ज घनफूट सांगितली जाते. म्हणजे सुमारे २९८ कोटी घनमीटर. १ घनमीटर पाण्याचे वजन १ टन, म्हणून जलाशय भरला असता त्यातील पाण्याचे वजन सुमारे २९८ कोटी टन होते. हे गणित फळ्यावर एकाच ओळीत सुटते.

घनता व दोन नियम

पाण्याखेरीज इतर पदार्थांसाठी मात्र त्या पदार्थाचे १ लिटर किती किलोग्रॅम भरते, हे ठाऊक असावे लागते. या संख्येस घनता म्हणतात. काही परिचित पदार्थांची घनता स्थूलमानाने अशी आहे : दूध १.०३, शेंगदाणा तेल ०.९१, रॉकेल ०.८०, मध १.४, पारा १३.६. म्हणजे १ लिटर दूध १ किलो ३० ग्रॅम, १ लिटर शेंगदाणा तेल ९१० ग्रॅम, तर १ लिटर मध सुमारे १ किलो ४०० ग्रॅम भरतो. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून घोषित झाले. तेथील अर्धा लिटर मधाच्या बाटलीत ७०० ग्रॅमच्या आसपास मध मावतो, हे उदाहरण मुलांस रुचेल.

घनता कळली की पुढील दोन नियम पुरेसे आहेत :

पहिला नियम – लिटरचे किलोग्रॅम करताना घनतेने गुणावे.
दुसरा नियम – किलोग्रॅमचे लिटर करताना घनतेने भागावे.

गुणावे की भागावे, अशी शंका आल्यास विद्यार्थ्याने पदार्थ पाण्याहून जड की हलका, हे आधी ठरवावे. पदार्थ पाण्याहून हलका असेल, तर किलोग्रॅमचा आकडा लिटरच्या आकड्याहून लहान आला पाहिजे. जड असेल, तर तो मोठा आला पाहिजे. तेल पाण्यावर तरंगते. म्हणून १५ किलो तेलाच्या डब्यात १५ लिटरहून अधिक तेल असणार. १५ ÷ ०.९१ = सुमारे १६.५ लिटर, या उत्तराचा ताळा त्यामुळे आपोआप मिळतो.

दुधाचा हिशेब

दोन्ही जिल्ह्यांत दुधाचा जोडधंदा करणारी असंख्य कुटुंबे आहेत. दूध कोठे लिटरने मापतात, तर कोठे काट्यावर तोलतात. ४० लिटर दुधाच्या कॅनमधील दुधाचे वजन ४० × १.०३ = ४१.२ किलो होते. उलट १०० किलो दुधाचे लिटर १०० ÷ १.०३ = ९७.०९ होतात. दर लिटरचा आणि मोजणी किलोची असेल, तर हे रूपांतर न करता १०० किलोस १०० लिटर धरल्यास सुमारे ३ लिटरचे पैसे अकारण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात. दर कशावर ठरला व मोजणी कशाने झाली, हे दोन प्रश्न उत्पादकाने विचारलेच पाहिजेत. आणि ते विचारण्याची सवय शाळेत लागली पाहिजे.

दुधातील पाणी ओळखण्याचे दुग्धमापक हे उपकरणही घनतेवरच चालते. त्यावरील ३० हा आकडा १.०३० ही घनता दाखवितो. ८० लिटर दुधात २० लिटर पाणी घातले, तर एकूण वजन ८२.४ + २० = १०२.४ किलो व आकारमान १०० लिटर होते. घनता १.०२४ होऊन दुग्धमापकाचा आकडा ३० वरून २४ वर येतो. तथापि केवळ या आकड्यावर विसंबणे योग्य नव्हे. दुधातील साय काढून घेतली असता घनता वाढते, कारण स्निग्धांश पाण्याहूनही हलका असतो. साय काढून मागाहून पाणी घातल्यास आकडा पूर्ववत दिसू शकतो. म्हणूनच स्निग्धांशाची तपासणी निराळी करावी लागते.

धान्याचे माप

द्रव पदार्थ भांड्यात पूर्णपणे भरून बसतो. धान्याचे तसे नसते. दाण्यादाण्यांमध्ये हवा राहते. म्हणून १ लिटरच्या मापात भरलेल्या धान्याचे वजन दाण्यांच्या घनतेखेरीज दाण्यांच्या आकारावर, ओलाव्यावर व भरण्याच्या रीतीवर अवलंबून असते. १ लिटर माप गव्हाने सपाट भरले असता सर्वसाधारणपणे पाऊण ते ०.८ किलो गहू मावतो. तेच माप चुरमुऱ्यांनी भरले, तर वजन कितीतरी कमी भरते. माप आपटून भरले तर धान्य दाबून बसते व अधिक मावते. शिगोशीग भरले तर काठाच्या वर आणखी धान्य राहते. देणाऱ्याने सपाट माप द्यावे व घेणाऱ्याने शिगेचे मागावे, हा पूर्वीच्या खळ्यावरचा नेहमीचा वाद होता. काट्यावर हा वाद उरत नाही, कारण शिगेचे वजनही काटा दाखवितोच. धान्याचा व्यवहार वजनानेच करणे का इष्ट आहे, याचे कारण यात आहे.

उष्णतेचा परिणाम

पदार्थ तापला म्हणजे प्रसरण पावतो. त्याचे वजन तेवढेच राहते, पण आकारमान वाढते. २१ अंश सेल्सिअस तापमानाचे १ लिटर सोयाबीन तेल सुमारे ९१९ ग्रॅम भरते, तर ६० अंशांचे १ लिटर तेल सुमारे ८९३ ग्रॅमच भरते. गरम तेलाचे माप भरून पिशवी बंद केली, तर ग्राहकास प्रत्येक लिटरमागे २६ ग्रॅम तेल कमी मिळते. याच कारणास्तव २०२२ मध्ये केंद्र सरकारने खाद्यतेलाच्या उत्पादकांस पिशवीवर तापमानाचा उल्लेख न करता आकारमानाबरोबर वजनही छापण्याचे निर्देश दिले. तेलाची पिशवी वर्गात आणून तिच्यावरील दोन्ही आकडे मुलांकडून वाचून घ्यावेत व वजनास आकारमानाने भागून घनता काढवून घ्यावी.

शाळेच्या स्वयंपाकघरात

शालेय पोषण आहाराचे प्रमाण वजनात ठरलेले आहे. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५ ग्रॅम तेल, आणि सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यामागे १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ७.५ ग्रॅम तेल, असे ते प्रमाण होय. प्रत्यक्षात मात्र स्वयंपाकघरात काटा हाताशी नसला, की भांड्याने माप घेतले जाते. तेथेच चूक शिरते.

समजा, एका शाळेत पहिली ते पाचवीचे ४८ विद्यार्थी जेवणार आहेत. त्यांस ४.८ किलो तांदूळ हवा. १ लिटरच्या मापात ८०० ग्रॅम तांदूळ मावत असेल, तर ४.८ ÷ ०.८ = ६ मापे तांदूळ घ्यावा लागेल. लिटरच्या मापास किलो समजून ४.८ मापेच घेतली, तर ३.८४ किलो तांदूळ शिजेल. तूट ९६० ग्रॅमची, म्हणजे जवळजवळ १० मुलांच्या वाट्याची. कोणीही काही चोरलेले नसते. वहीतील नोंदही बरोबर दिसते. पण ४८ पाने वाढताना प्रत्येक पानावर पाचवा हिस्सा कमी पडतो.

तेलाचे गणितही असेच आहे. ४८ विद्यार्थ्यांस २४० ग्रॅम तेल हवे. २४० ÷ ०.९१ = सुमारे २६४ मिलिलिटर. त्याऐवजी २४० मिलिलिटर ओतले, तर प्रत्यक्षात २१८.४ ग्रॅम तेल पडते. रोज २१.६ ग्रॅमची ही तूट २०० दिवसांत ४ किलो ३२० ग्रॅम होते. वाढत्या वयाच्या मुलांच्या आहारातील एवढा स्निग्धांश केवळ एका गैरसमजुतीने नाहीसा व्हावा, हे उचित नाही. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक शाळेने आपल्या नेहमीच्या भांड्यात सपाट भरलेला तांदूळ, डाळ व तेल एकदा काट्यावर तोलून ते आकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावेत. तांदळाचा प्रकार बदलल्यास पुन्हा तोलावे.

औषध व फवारणी

औषधाच्या बाबतीत निराळ्या प्रकारची चूक होते. मिलिग्रॅम व मिलिलिटर ही नावे कानास सारखी वाटतात. मुलांच्या तापावरील पॅरासिटामॉलचे पातळ औषध एका बाटलीत दर ५ मिलिलिटरमागे १२० मिलिग्रॅम, तर दुसऱ्या बाटलीत दर ५ मिलिलिटरमागे २५० मिलिग्रॅम, अशा भिन्न तीव्रतेचे असते. डॉक्टरांनी १२० मिलिग्रॅम सांगितले असता पहिल्या बाटलीतील ५ मिलिलिटर योग्य ठरते; दुसऱ्या बाटलीतून मात्र २.४ मिलिलिटरच द्यावे लागते. सवयीने त्यातूनही ५ मिलिलिटर दिले, तर मुलाच्या पोटात दुपटीहून अधिक औषध जाते. येथे घनता कामास येत नाही. बाटलीवर छापलेले प्रमाणच पाहावे लागते. घरातील चमचे लहानमोठे असतात, म्हणून औषधासोबत येणारे मापच वापरावे. औषधाची मात्रा ठरविणे हे डॉक्टरांचेच काम आहे. परंतु बाटलीवरील आकडे वाचता येणे हे प्रत्येक साक्षर व्यक्तीचे काम आहे, आणि आईवडिलांस ते जमत नसल्यास शाळेत जाणारे मूल त्यांस साहाय्य करू शकते.

तासगावच्या परिसरातील द्राक्षबागायतदारांस बोर्डो मिश्रण परिचित आहे. १ टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद व १ किलो चुना घेतात. म्हणजे १० लिटरला प्रत्येकी १०० ग्रॅम. येथे पाणी लिटरमध्ये व भुकटी ग्रॅममध्ये सांगितलेली असते. मिलिलिटरच्या खुणा असलेल्या पेल्याने मोरचूद मापून तेच ग्रॅम समजल्यास प्रमाण बिघडते. भुकटी काट्यावर तोलावी व द्रव पेल्याने मापावा, हा नियम शेतकऱ्यांच्या मुलांस अवश्य सांगावा.

वर्गातील कृती

या पाठासाठी महाग साहित्याची गरज नाही. एक काटा, मिलिलिटरच्या खुणा असलेले एक भांडे व घरोघरी मिळणारे पदार्थ पुरेत. प्रथम रिकामे भांडे तोलावे. नंतर त्यात ५०० मिलिलिटर पाणी घेऊन पुन्हा तोलावे व भांड्याचे वजन वजा करावे. याच रीतीने तेल व दूध तोलावे. आकडे फळ्यावर मांडून प्रत्येक पदार्थाची घनता विद्यार्थ्यांकडूनच काढवून घ्यावी. मोकळ्या जागेची कल्पना देण्यासाठी भांड्यात ५०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत खडे भरून, मापलेले पाणी त्याच खुणेस येईपर्यंत ओतावे. जेवढे पाणी मावेल, तेवढी जागा खड्यांमध्ये रिकामी होती, हे मुलांस डोळ्यांनी दिसेल.

तोलण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आपला अंदाज वहीत लिहावा. अंदाज व प्रत्यक्ष वजन यांतील फरक पाहून जे ज्ञान होते, ते पाठांतराने होत नाही. तसेच दुकानातील वजने व मापे यांवर पडताळणीची मुद्रा असते, ती कोठे पाहावी हे शक्य असल्यास गावच्या बाजारात नेऊन दाखवावे.

सरावासाठी उदाहरणे

१. २५ लिटर दुधाचे वजन किती? (घनता १.०३) उत्तर : २५.७५ किलो.
२. २ मीटर लांब, १.५ मीटर रुंद व १ मीटर खोल टाकीत पाणी किती लिटर व किती टन मावेल? उत्तर : ३,००० लिटर, ३ टन.
३. रिकाम्या भांड्याचे वजन १८० ग्रॅम. ते पाण्याने भरल्यास ६८० ग्रॅम व तेलाने भरल्यास ६३५ ग्रॅम भरते. तेलाची घनता किती? उत्तर : ०.९१.
४. समजा, एका दुकानात शेंगदाणा तेल १८२ रुपये लिटर व दुसऱ्या दुकानात १९५ रुपये किलो आहे. स्वस्त कोठे? उत्तर : पहिल्या दुकानातील तेल १८२ ÷ ०.९१ = २०० रुपये किलो पडते; म्हणून दुसऱ्या दुकानात.

चौथे उदाहरण विद्यार्थ्यांनी घरी जाऊन प्रत्यक्ष दरांवर करून पाहावे व दुसऱ्या दिवशी वर्गात त्याची चर्चा घ्यावी. लिटर व किलो यांतील फरक ओळखणारा विद्यार्थी परीक्षेत दोन गुण अधिक मिळवील, हा लाभ गौण होय. घरचे दूध, घरचे तेल व घरातील आजारी भावंडाचे औषध यांचा हिशेब तो अचूक पाहू लागेल, यातच या पाठाचे खरे फळ आहे.